रक्तातील मेदविकारांवरील औषधोपचार : गुग्गुळापासून स्टॅटिनपर्यंत

प्रस्तावना

पेडणे तालुक्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या गोव्यातील शाखेचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. म्हापशाचे जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज यांच्या जोडीला आता आयुर्वेदाचे मोठे रुग्णालयही या भागातील लोकांना जवळ झाले आहे. साहजिकच एकाच घरात दोन्ही पद्धतींची औषधे येतात आणि पुष्कळदा एकच रुग्ण दोन्हीकडची औषधे घेतो. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत हे विशेष घडते. कारण हा विकार दुखत नाही, गोळी मात्र आयुष्यभर घ्यावी लागते, आणि 'याला काही साधा उपाय नाही का?' असा प्रश्न रुग्णाच्या मनात सतत येत राहतो.

हा प्रश्न गोव्यासाठी किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के, आढळले. त्याच पाहणीनुसार देशातील ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातील मेदाचे एक ना एक प्रमाण बिघडलेले होते. मधुमेह आणि मेदविकार एकत्र आले की हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढतो.

कम्युनिटी कॉलेजमध्ये आरोग्य सहायक, गृहपरिचर्या, आहारशास्त्र असे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शिक्षकांना विद्यार्थी आणि पालक याविषयी हमखास विचारतात. औषध कोणत्या पद्धतीचे आहे यापेक्षा त्याने नेमके काय सिद्ध केले आहे, हे कसे तपासावे याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

मेदाचे प्रकार व विकार

कोलेस्टेरॉल हा शरीराला आवश्यक पदार्थ आहे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पित्त यांच्यासाठी तो लागतो व त्याचा बराचसा भाग यकृतातच तयार होतो. मेद पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तात तो प्रथिनांच्या आवरणातून वाहून नेला जातो. यांपैकी 'एलडीएल' कणांची संख्या दीर्घकाळ जास्त राहिली तर ते धमन्यांच्या भिंतीत शिरतात आणि तेथे थर साठतो. हा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाली की हृदयविकाराचा झटका येतो. ट्रायग्लिसराइड हा दुसरा मेद. तो ५०० मिलिग्रॅमच्या वर गेला, विशेषतः हजाराच्या पुढे, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. 'एचडीएल'ला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात. परंतु ते औषधाने वाढवून फायदा होतोच असे नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

गुग्गुळाचा अनुभव

गुग्गुळ हा राजस्थान-गुजरातच्या कोरड्या प्रदेशातील एका काटेरी झुडपाचा डिंक. आयुर्वेदात तो मेदोरोगावर सांगितला आहे आणि युनानी वैद्यकातही 'मुकिल' या नावाने त्याचा वापर होतो. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या वर्णनाचा आधार घेऊन सशांवर प्रयोग केले व १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. गुग्गुळाने सशांच्या रक्तातील मेद कमी झाल्याचे त्यांना दिसले. पुढे त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने याच धाग्यावरून 'गुगुलिपिड' हे औषध विकसित केले आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते भारतात विक्रीस आले. प्राचीन ग्रंथातील नोंद प्रयोगशाळेत तपासण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

भारतातील सुरुवातीच्या चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरल्याचे आढळले. पण त्या लहान होत्या. २००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १०३ व्यक्तींवर आठ आठवड्यांची चाचणी केली. काहींना गुगुलिपिड, तर काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली. दुसऱ्या गटाचे एलडीएल सुमारे ५ टक्क्यांनी उतरले. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे मात्र ४ ते ५ टक्क्यांनी वाढले आणि काही जणांच्या अंगावर पुरळ उठले. या एका चाचणीने गुग्गुळाचे सर्व उपयोग खोटे ठरत नाहीत. सांध्यांच्या किंवा अन्य विकारांत वैद्य तो देतात, तो वेगळा विषय आहे. परंतु एलडीएल कमी करण्यासाठी स्टॅटिनऐवजी गुग्गुळ घ्यावा, असे म्हणण्यास आधार उरत नाही. तसेच गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, असे आढळले आहे. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी विशेष सावध राहावे.

स्टॅटिनचा अनुभव

स्टॅटिनचा उगमही निसर्गातच आहे. जपानमधील डॉ. अकिरा एन्डो यांनी १९७१ पासून सुमारे सहा हजार बुरशी व सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये एका बुरशीत पहिला स्टॅटिन शोधला. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला तो अडवतो. मग यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. हे ओढून घेणारे ग्राहक शोधल्याबद्दल ब्राउन व गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ मध्ये लोवास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

तरीही खरा प्रश्न शिल्लकच होता. आकडा उतरला, पण माणूस वाचतो का? त्याचे उत्तर १९९४ मध्ये मिळाले. उत्तर युरोपातील पाच देशांत हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवर सुमारे साडेपाच वर्षे चाचणी झाली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण, तर सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२ जण दगावले. पुढील अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयविकार व पक्षाघाताच्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात, असे दिसले.

केवळ आकडा पुरेसा नाही

आधुनिक औषधांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढले आणि एलडीएल २५ टक्क्यांनी उतरले. अहवाल पाहून कोणालाही आनंद झाला असता. परंतु सुमारे पंधरा हजार रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढलेले दिसले व डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. स्टॅटिनच्या जोडीला नायसिन देऊनही झटके कमी झाले नाहीत, हे २०११ व २०१४ च्या चाचण्यांनी दाखवले. स्टॅटिन गटातीलच सेरिव्हास्टॅटिन हे औषध स्नायूंवरील घातक परिणामांमुळे २००१ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले.

आजची उपचारपद्धती

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार कमी धोका असलेल्यांचे एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या जास्त धोक्याच्या व्यक्तींचे ७० च्या खाली आणि झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांचे ५५ च्या खाली असावे. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावरील 'सामान्य' ही मर्यादा प्रत्येकाला सारखी लागू होत नाही.

पहिले औषध स्टॅटिन. ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनच्या मोठ्या मात्रेने एलडीएल निम्मे किंवा त्याहूनही खाली येते. तेवढ्याने भागले नाही तर आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे रोखणारे इझेटिमाइब जोडतात; त्याने आणखी सुमारे २० टक्के घट होते. त्यापुढे इंजेक्शने आहेत. ती प्रभावी असली तरी महाग आहेत. फेनोफायब्रेट मुख्यतः खूप वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी वापरतात.

दुष्परिणामांबाबत अतिशयोक्ती आणि दुर्लक्ष दोन्ही टाळावे. स्टॅटिनमुळे मधुमेहाची शक्यता किंचित वाढते; पण धोका जास्त असलेल्यांना होणारा लाभ त्याहून बराच मोठा असतो. स्नायू दुखण्याच्या तक्रारींविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अभ्यासात नव्वद टक्क्यांहून अधिक तक्रारी औषधामुळे नव्हत्या असे आढळले. तथापि तीव्र वेदना, अशक्तपणा किंवा गडद रंगाची लघवी दिसल्यास तत्काळ डॉक्टरांना भेटावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी आधीच सल्ला घ्यावा.

निष्कर्ष

शिक्षकांनी वर्गात पुढील मुद्द्यांवर भर द्यावा असे वाटते.

१. कोणत्याही औषधाबद्दल तीन प्रश्न विचारावेत : आकडा उतरतो का, झटके व मृत्यू कमी होतात का, आणि अपाय किती? हेच प्रश्न डिंकाला, बुरशीला आणि कारखान्यातील रसायनाला सारखेच लागू आहेत.

२. लसूण, मेथी, कोकमाचे सार हे आहारात जरूर असावेत; परंतु त्यांनी झटका टळतो असे मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. ते गोळीला पर्याय नाहीत.

३. आकडा सामान्य झाला म्हणजे विकार बरा झाला असे नव्हे. गोळी बंद केली की काही आठवड्यांतच एलडीएल पूर्ववत होते.

४. बहुतेक स्टॅटिन दिवसातून एकदाच घ्यायचे असतात. ॲटोर्व्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन कोणत्याही वेळी चालतात. त्यामुळे रोजे किंवा उपवास यांसाठी ते थांबवण्याचे कारण नसते. वेळ बदलून घेता येते.

५. वैद्य, हकीम आणि डॉक्टर या सर्वांना आपण घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी दाखवावी.

धारगळसारख्या परिसरात दोन्ही पद्धतींचे उपचार शेजारी शेजारी राहणार आहेत. तेथे पाचवा मुद्दा सर्वांत आधी अमलात आणता येण्याजोगा आहे. त्यासाठी वहीचे एक पान पुरते आणि ते लिहून देण्याचे काम आपला विद्यार्थी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी आजच करू शकतो.