टीडीएस मीटरला काय दिसत नाही : नळाच्या पाण्याची तपासणी

आपल्या बडोद्याला पाणी पाजायचे म्हणून सयाजीराव महाराजांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस आजवा सरोवर बांधून घेतले. पुढे महीचे पाणी आले. त्याच काळात शहराच्या उत्तरेला रिफायनरी, खत कारखाना, पेट्रोकेमिकल्स, नंदेसरी वसाहत उभी राहिली. त्यांचे सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या वाहिनीने खंभातच्या आखाताकडे नेले जाते. त्यामुळे "आपल्या नळातून काय येते?" हा प्रश्न इथे घाबरटपणाचा म्हणता येत नाही.

आमच्या सोसायटीत महापालिकेचे आणि बोअरचे पाणी एकाच टाकीत पडायचे. तपासणीचा विषय निघाला तेव्हा एका सभासदांनी टीडीएस मीटर आणून ४८० आकडा दाखवला. "पाचशेच्या आत आहे, विषय संपला!" दुसरे म्हणाले, "रिपोर्ट वाईट आला तर फ्लॅटचे भाव पडतील." ते फ्लॅट विकायच्या विचारात होते, त्यांची काळजी समजण्यासारखी होती. पण वर लहान मुले राहतात, हेही खरे होते.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून क्षारांचा एकूण अंदाज देतो. पासबुकातली शिल्लक पाहून त्यात खोटी नोट किती हे कळते का? तसेच हे आहे. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम ०.०५, कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ यापेक्षा जास्त नको. ४८० च्या आकड्यात हे कुठे दिसणार? चव, वास, रंगावरूनही कळत नाही.

तपासणी करताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यताप्राप्त असावी. मान्यता चाचणीनिहाय असते, म्हणून "पाण्यातील जड धातूंसाठी आहे का?" असे स्पष्ट विचारावे.

२. काय तपासायचे ते आधी ठरवावे. साध्या "पिण्याच्या पाण्याच्या" पॅकेजमध्ये बहुधा क्षार, कठीणपणा आणि जंतू एवढेच असते. शिसे, क्रोमियम, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, निकेल आणि फिनॉल वेगळे लिहून मागावेत.

३. बाटली प्रयोगशाळेचीच घ्यावी. धातूंसाठी प्लास्टिकची, आत आम्ल घातलेली बाटली मिळाली तर ती विसळू नये. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी काचेची बाटली हवेचा बुडबुडा न राहता काठोकाठ भरावी.

४. नमुने वेगवेगळे घ्यावेत : बोअर, महापालिकेची जोडणी आणि स्वयंपाकघरातला नळ. जुन्या नळजोडांतून शिसे उतरते का हे पाहायचे तर पहाटे पहिले पाणी घ्यावे, एरवी दोन-तीन मिनिटे नळ सोडून मग.

५. रिपोर्टमध्ये "बीडीएल" दिसले की सुटलो असे समजू नये. त्याचा अर्थ "यंत्राच्या मोजमर्यादेखाली" एवढाच. शिशाची मर्यादा ०.०१ आणि यंत्र ०.०५ पासून पुढेच मोजत असेल, तर त्या बीडीएलला काही किंमत नाही. मोजमर्यादा लिहून मागावी.

आमचा निकाल असा आला : महापालिकेच्या पाण्यात क्रोमियम बीडीएल, बोअरमध्ये ०.०८ आणि नळाला ०.०४. फक्त नळ तपासला असता तर आम्ही निश्चिंत झालो असतो. पण तेव्हा दोन्ही पाणी निम्मे-निम्मे होते. उन्हाळ्यात बोअरचा वाटा दोनतृतीयांश झाला की तोच आकडा ०.०५ च्या वर जातो.

पाणी उकळून उपयोग नाही. वाफ जाते, धातू राहतो. यूव्ही फक्त जंतू मारतो. आरओ बहुतेक धातू बराच कमी करतो, पण पडदा वेळेवर बदलला तरच. आम्ही बोअरचे पाणी पिण्याच्या टाकीपासून तोडून बागेला आणि फ्लशला वेगळी लाइन टाकली. रिपोर्टच्या प्रती महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्रासोबत देऊन पोच घेतली. महिन्याने पुन्हा तपासणी केली, नळाला बीडीएल आले, आणि या वेळी मोजमर्यादा आम्ही आधी पाहिली होती.

फ्लॅट विकणाऱ्या सभासदांनी तो दुसरा रिपोर्ट गिऱ्हाइकाला स्वतः दाखवला. खर्च घरटी वाटला तर फार येत नाही. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय जरूर घ्यावा, आणि शक्यतो उन्हाळा लागण्याआधी.