पॉवर बँक हाताशी ठेवा, उशाशी नको

पावसाळ्यात वस्तीतली लाईट गेली की कधी कधी रात्रभर येत नाही. अशाच एका रात्री दम्याच्या त्रासाने आईला धाप लागली आणि माझा फोन बंद! शेजारच्या वहिनींनी त्यांच्या फोनवरून 108 ला कॉल केला. त्यानंतर मी 20000 एमएएचची पॉवर बँक घेतली. 5000 एमएएचचा फोन तिच्यावर चारदा नाही, साधारण तीनदा भरतो. थोडी वीज उष्णतेत वाया जाते.

गेल्या उन्हाळ्यात ती पत्र्याखालच्या फळीवर राहिली आणि फुगली. आतल्या लिथियम बॅटरीत उष्णतेने वायू तयार होतो, ती पेटही घेऊ शकते. फुगलेली पॉवर बँक वापरू नका, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. नवी घेताना बीआयएसचे चिन्ह पाहा. चार्जिंगला लावून झोपू नका, गोधडीखाली ठेवू नका. खोलीला एकच दार असेल तर दाराजवळ चार्ज करू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

आता नवी पॉवर बँक लाईट असतानाच भरून आईच्या पंपाशेजारी ठेवतो. अंधारातही दोन्ही पटकन सापडतात.