छिन्नरुहा : परसातील छाट कलमे आणि नैसर्गिक मूळसंजीवके

मृग नक्षत्राच्या सुमारास कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकर-कातकरी वाड्यांत परसाची वई सावरण्याचे काम निघते. निगडीचे आणि मोगली एरंडाचे खुंट तोडून आणायचे व ओल्या मातीत ठोकायचे, एवढीच त्याची कृती. महिन्याभरात खुंटांना पालवी फुटते. आम्ही या भागात व्यवसायास बसलो तेव्हा निर्गुंडी आणि वासा यांची ताजी पाने अशाच वयांमधून दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर मिळत असत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, जमिनींना भाव आला, फार्महाऊस उभी राहिली आणि वईच्या जागी सिमेंटच्या भिंती आल्या. आता स्वरसासाठी पाने हवी असली तर ती कोणाच्या तरी हातून मागवावी लागतात. ज्या वनस्पतीचे मूळ झाड आपण पाहिलेले नाही ती रुग्णास देण्याची वेळ वैद्यावर येते. म्हणूनच व्यवसायबंधूंनी आपल्या परसात, निदान कुंड्यांमध्ये, छाट कलमे करावीत असे आमचे मत आहे.

या विषयात आपल्या शास्त्राला नवखेपणा नाही. गुडुचीला निघंटूंनी ‘छिन्नरुहा’ म्हटले, म्हणजे तोडली असता पुन्हा वाढणारी. झाडावर लोंबत राहिलेला तिचा तुकडादेखील दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली सोडून माती गाठतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायात ‘काण्डरोप्य’ वृक्षांची यादी दिली असून त्यांच्या कांड्यांना शेणाचा लेप देण्यास सांगितले आहे. त्या यादीतील डाळिंब, द्राक्ष, महाळुंग यांचा अनुभव कोणीही घ्यावा. फणस मात्र आम्हास एकदाही साधलेला नाही.

येथे ‘रोपण’ या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मध हा व्रणाचे शोधन, रोपण व संधान करणारा आहे, असे आपण शिकलो. झाड लावणे हेही रोपणच. तोडलेल्या कांडीचा खालचा छेद हा व्रण आहे. तो कुजला तर कांडी मरते. तो स्वच्छ राहिला तर त्याच्या कडेला पांढरट किण तयार होतो आणि तेथून अथवा जवळच्या डोळ्यापासून मुळे निघतात. ही मुळे फुटण्यास लागणारे ऑक्सिन गटातील संजीवक वनस्पतीच्या कोवळ्या शेंड्यात व पानांत तयार होऊन खाली उतरते, हे १९३० च्या दशकातील संशोधनाने दाखवले. बाजारातील मूळसंजीवक पावडरीत बहुधा त्याच गटातील इंडोल ब्युटिरिक आम्ल असते.

हे ध्यानात घेतले की घरगुती उपायांची परीक्षा सोपी होते. मध, हळद आणि दालचिनीचे चूर्ण यांनी बुरशी व जंतू आवरले जातात. मुळे फुटण्याची आज्ञा त्यांच्यात नाही. त्यांचे काम व्रणरक्षणाचे, आणि आमच्या जोरदार पावसात तेही थोडे नव्हे. मधाचा अगदी पातळ थर खालच्या छेदास पुरे. हळद व दालचिनी कोरडी असल्याने ती वरच्या छेदावर दाबावी. कोरफडीच्या गराने छेद ओलसर राहतो. शेणाचा लेप वरच्या टोकास लावून वाळू दिला की ओल उडून जात नाही. ताजे शेण खाली मातीत घालू नये. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने ते घातले आणि अडुळशाची सगळी वाफ कुजवून बसलो.

नारळपाण्याची ख्याती फार आहे, पण ती जपून घ्यावी. त्यात सायटोकायनिन वर्गाची द्रव्ये आहेत. ती अंकुरास पोषक, परंतु अधिक झाल्यास मुळांच्या निर्मितीस विरोधी ठरतात. अशा कांडीस वर पालवी दिसते, मालक आनंदतो आणि पंधरा दिवसांत ती माना टाकते. याउलट सह्याद्रीतील ओढ्याकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या कोवळ्या डहाळ्या चेचून रात्रभर भिजवलेले पाणी अधिक युक्तिसंगत वाटते. डहाळ्यांच्या कोवळ्या टोकांत ऑक्सिन असते आणि सालीत सॅलिसिलिक वर्गाची द्रव्ये. तरीही त्याचा परिणाम संजीवक पावडरीइतका निश्चित नसतो, हे मान्य करावे.

खरे म्हणजे गुडुची, निर्गुंडी, वासा, अस्थिशृंखला यांना यांपैकी कशाचीच गरज नाही. साहाय्य लागते ते मधुनाशिनीसारख्या किंचित हट्टी वेलींना. तिच्या शेंड्याकडील तीन-चार डोळ्यांच्या कांड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सावलीत लावाव्यात. गुडुचीसाठी मे अखेर ते जून हा काळ उत्तम. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, दोन डोळ्यांची कांडी घ्यावी. खालचा छेद तिरपा व वरचा सरळ ठेवावा, म्हणजे कांडी उलटी लावली जात नाही. उलटी लावलेली कांडी बहुधा फुकट जाते. पिशवीत निम्मी वाळू व निम्मी पोयट्याची माती भरावी आणि तळाशी भोके असावीत. स्नुहीचा तुकडा मात्र चीक वाळेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवूनच लावावा. आषाढातील मुसळधार पावसात पिशव्या पागोळ्यांखाली ठेवू नयेत. कांडी उपटून मुळे पाहण्याचा मोह आवरावा.

आता मुख्य मुद्दा. छाट कलमाने झालेले रोप मूळ वेलीचीच प्रतिकृती असते. बीजाप्रमाणे त्यात बदल होत नाही. म्हणून मूळ वेल ओळखली की पुढील सर्व रोपांची ओळख पटली. परंतु मूळ वेल चुकली, तर ती चूकही तितक्याच निष्ठेने पसरते.

करोनाच्या काळात गुळवेलीची मागणी अतोनात वाढली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमधील यकृतविकाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वेलीकडे लक्ष वेधले. वाद तेथे मिटला नाही, आणि ओळख बरोबर असली तरी यकृतविकाराच्या रुग्णात सावधगिरी हवीच. पण ओळखीचा प्रश्न आमच्याच दारी येईल, असे तेव्हा वाटले नव्हते.

त्याच सुमारास एका रोपवाटिकेतून आणलेली वेल आम्ही परसात चढवली होती. पुढील पावसाळ्यात तिच्या कांड्या अकरा रुग्णांच्या घरी हौसेने दिल्या. वेल जून झाली तेव्हा खोडावर फोडांसारखे ठळक उंचवटे दिसू लागले. हे क्रिस्पाचे लक्षण. गुडुचीच्या खोडावर बारीक ठिपके असतात आणि तिची साल कागदासारखी पातळ सुटते. त्यानंतरचा आठवडा आम्ही घरोघर जाण्यात घालवला. नऊ घरांतील वेली उपटून आणल्या. एका घरी ती कुजून गेलेली होती. उरलेल्या एका घरच्या आजीबाई रोज सकाळी तिचा काढा घेत होत्या. त्यांची यकृताची तपासणी करवली, ती सुदैवाने निर्दोष निघाली. मात्र “तुम्हीच दिली होती ना, वैद्यबुवा?” या त्यांच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून मूळ वेलीला फुले येईपर्यंत तिची एकही कांडी आम्ही बाहेर देत नाही. गुडुचीच्या फुलात पाकळ्या सहा आणि क्रिस्पाच्या फुलात तीन असतात. गुडुचीत नर व मादी वेली वेगळ्या असतात, त्यामुळे नर वेलीवर लाल फळांची वाट पाहू नये. प्रत्येक पिशवीस पत्र्याची चकती बांधून तीवर मूळ वेलीचे ठिकाण व कांडी लावल्याची तारीख खिळ्याने कोरतो. शाईने लिहिलेले आमच्याकडच्या पावसात श्रावणापर्यंतही टिकत नाही.