न मिटणारा साचा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप व अमेरिका या खंडांत बंदुका बहुधा हातांनी घडविल्या जात. एकाच कारागिराने केलेल्या दोन नळ्यांचे व्यासही तंतोतंत जुळतील अशी खात्री नसे. म्हणून बंदुकीबरोबर तिच्या मापाचा गोळीचा साचा देण्याची चाल होती. या साच्याची रचना साधी आहे. सांडशीसारख्या दोन दांड्यांच्या टोकांस धातूचे दोन ठोकळे बसविलेले असतात, प्रत्येक ठोकळ्यात गोळीची अर्धी पोकळी कोरलेली असते, आणि एकावरील खुंट्या दुसऱ्यावरील छिद्रांत शिरून दोन्ही अर्धे समोरासमोर येतात. अमेरिकेतील हौशी नेमबाज आजही असे साचे वापरतात.

साचा पूर्ण मिटला नाही, तर शिसे फटीत शिरते व गोळीच्या कडेने पातळ पापुद्रा येतो. इतकेच नव्हे, तर फट ०·१ मिलिमीटर असल्यास गोळीही त्या दिशेने तेवढीच रुंद होते. ती मग वाटोळी न राहता लांबट होते. नळीत अडखळते किंवा वेडीवाकडी जाते.

दोष कोठे आहे हे प्रथम निश्चित करावे लागते. रिकामा साचा मिटवून उजेडासमोर धरला म्हणजे फट दिसते. नंतर ठोकळे दांड्यांपासून सोडवून नुसत्या हातांनी जुळवावेत. ते नीट मिटले, तर दोष दांड्यांत किंवा बिजागरीत आहे. न मिटले, तर तो ठोकळ्यांच्या पृष्ठभागांत किंवा खुंट्यांत आहे.

सर्वांत सामान्य कारण म्हणजे पृष्ठभागावर चिकटलेला शिशाचा कण. साचा गरम असता तो लाकडी काडीने किंवा जाड कापडाने निघतो. पोलादी हत्यार वापरल्यास पोकळीच्या कडा बिघडतात. दुसरे कारण म्हणजे आघाताने कडेवर उठलेला कंगोरा. तेवढाच उंचवटा बारीक दगडाने उतरवावा. सबंध पृष्ठभाग कानशीने घासण्याचा मोह मात्र घातक ठरतो. कारण पृष्ठभागावरून जितकी धातू जाते तितकी पोकळीची खोली कमी होते, व फट बुजली तरी गोळी कायमची चपटी होते.

खुंटी प्रमाणाबाहेर पुढे आली असेल, तर ती छिद्रात घट्ट अडकते. तिला हलक्या ठोक्याने किंचित मागे सारून प्रत्येक वेळी ठोकळे मिटवून पाहावेत. ती फार मागे गेली, तर दोन्ही अर्धे एकमेकांपासून सरकतात आणि नवा दोष उत्पन्न होतो. ठोकळे दांड्यांत अगदी आवळून बसविणेही चुकीचे होय. आपली जागा आपण शोधण्यापुरती मोकळीक त्यांस हवी.

उष्णतेचाही विचार केला पाहिजे. २५ मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा ३० अंशांपासून २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, तर सुमारे ०·१ मिलिमीटरने वाढतो. लोखंडाचा त्याच्या जवळजवळ निम्म्याने. एक अर्धा तप्त व दुसरा थंड असल्यास निर्दोष साचाही नीट मिटत नाही. म्हणून परीक्षा दोन्ही अर्धे सारखे तापल्यावर करावी.

शिसे ३२७ अंशांस वितळते. अशा रसाखाली पाण्याचा थेंब सापडला, तर त्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान शेकडो पटींनी वाढते आणि रस उसळून अंगावर येतो. म्हणून साचा व हत्यारे पूर्ण कोरडी हवीत. शिसे विषारी आहे. काम मोकळ्या हवेत करावे, जेवणापूर्वी हात धुवावेत व मुलांस दूर ठेवावे. भारतात परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने मनाई आहे, हेही ध्यानात असावे.

परंतु या साच्याचा नियम बंदुकीपुरता नाही. १८६४ साली मुंबईत जावजी दादाजी यांनी टंक ओतण्याचा कारखाना काढला. शिशाच्या मिश्रधातूचे टंक ओतण्याचा साचाही दोन भागांचाच असतो. त्यात फट राहिली की अक्षर जाड होते आणि छापलेली ओळ बिघडते. दोन पृष्ठभाग खरोखर एकमेकांस भिडणे, हेच दोन्ही कामांचे मूळ होय.