दूरस्थ संगणक आणि ग्रंथांची खबर

सांगलीनजीकच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे १८९९ सालचे ‘संगीत शारदा’ किंवा तत्सम ग्रंथ, ज्यांच्या स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच सरली आहे, ते साताऱ्याच्या वाचकाने निःशंक मनाने जतन करावेत आणि इतरांस पुरवावेत. त्या कामी इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने २०१२ पासून केलेली टोरेंटची, म्हणजे वाचकांनी एकमेकांना फाइली पुरवण्याची, तजवीज उपयोगी पडते. घरची वीज गेली तरी भाड्याचा दूरस्थ संगणक, म्हणजे सीडबॉक्स, हे काम अहोरात्र करतो. नवे ग्रंथ आपोआप यावेत म्हणून त्यावरील क्यूबिटटोरेंट या टोरेंट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नव्या नोंदींची वर्दी देणाऱ्या आरएसएस फीडचा पत्ता नोंदवावा, शीर्षकात कोणते शब्द हवेत याचा नियम घालावा आणि तो कोणत्या फीडला लागू, तिथे खूण करावी. मात्र आपोआप डाउनलोड करण्याची परवानगी सेटिंगमध्ये निराळी द्यावी लागते, अन्यथा ग्रंथाची खबर येते, ग्रंथ येत नाही.