चांदीचा कान

सिंगापूरहून ताईने एक पाकीट पाठवलं. आत पिवळट, कडक, स्पंजासारखं काहीतरी. आईने विचारलं, "अगं, हे अंग घासायचं का?"

नाही, हे खायचं! ही वाळवलेली ट्रेमेला, पांढरी जेलीसारखी बुरशी. चीनमध्ये हिला यिन-अर म्हणतात, म्हणजे चांदीचा कान. फूच्येन प्रांतातल्या गूथ्यानमध्ये हिची मोठी लागवड होते. बाई मोठी आयतोबा: लाकूड स्वतःला नीट पचत नाही, म्हणून दुसऱ्या एका बुरशीच्या जिवावर वाढते. शेतकरी दोघींना एकत्रच वाढवतात.

तासभर भिजवली की कितीतरी पट फुगते. खालचा कडक पिवळा भाग कापून टाकायचा. मग चिनी बोरं, कमळबिया आणि खडीसाखर घालून मंद आचेवर दीड-दोन तास. स्वतःची चव जवळजवळ नाहीच, पण बुळबुळीतपणा भिजवलेल्या सब्जाची आठवण देतो. मला थंडगार आवडली, आईला अजिबात नाही.

ही त्वचेसाठीही वापरतात: हिच्यातल्या बहुशर्करा पाणी धरून ठेवतात. म्हणून क्रीम आणि शीट मास्कमध्ये हिचा अर्क असतो. लावल्यावर त्वचा मऊ, ओलसर वाटते. पण सूप पिऊन सुरकुत्या जातात, यावर माझा विश्वास नाही. पोटात जातो तो मुख्यतः तंतू.

एक मात्र गंभीरपणे सांगते. रात्रभर ओट्यावर भिजत ठेवू नका. त्यात एक जिवाणू वाढून बाँगक्रेकिक आम्ल हे विष तयार होऊ शकतं, ते उकळूनही जात नाही. चीनमध्ये यामुळे माणसं दगावली आहेत. आणि अगदी पांढरीशुभ्र दिसली तर गंधकाची धुरी दिलेली असू शकते, पिवळसरच घ्या.

कुणी करून पाहिलीय? काही विचारायचं असेल तर खाली लिहा.