पिलांच्या आंत्रातील उपकारक जंतू व रोगनिवारण

तानसा तलावाच्या परिसरात, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, कुक्कुटपालनाचे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एकीकडे टोपलीत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी आणि एकवीस दिवसांनंतर तिच्यामागून अंगणभर टिपत फिरणारी पिले. दुसरीकडे उबवणी केंद्रातून खोक्यांत भरून आलेली, आईचे कधीही दर्शन न झालेली ब्रॉयलर शेडमधील हजारो पिले. दाणा, ऊब व लस यांच्या बाबतीत दुसऱ्या पिलांची व्यवस्था अधिक चोख असते; तथापि एका गोष्टीस ती मुकलेली असतात. ती गोष्ट म्हणजे आईच्या आंत्रातील जंतुसमूह होय.

अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाच्या आंत्रात जंतूंची वस्ती जवळजवळ नसते. आईच्या सहवासातील पिलू तिची विष्ठा व तिने उकरलेली माती टिपते आणि त्याबरोबरच तिचे जंतूही मिळवते. हा सहवास केवळ चोवीस तासांचा असला तरी पिलाच्या अंधनालांतील जंतुसमूह पालटतो, असे चेक प्रजासत्ताकातील संशोधकांना आढळले असून त्यांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उबवणी केंद्रातील स्वच्छता व धुरीकरण ही आवश्यकच आहेत. परंतु त्यांमुळे रोगजंतूंबरोबर हा वारसाही खंडित होतो. रिकाम्या घरात जो प्रथम शिरेल तो मालक होतो. म्हणूनच पहिल्या काही दिवसांत साल्मोनेलाचे अगदी मोजके जंतूही पिलाच्या आंत्रात ठाण मांडू शकतात.

या विचाराला प्रायोगिक आधार फिनलंडमध्ये मिळाला. तेथे १९७१ मध्ये दूषित खाद्यामार्फत साल्मोनेला इन्फँटिस हा जंतू ब्रॉयलर कोंबड्यांत पसरला. नुर्मी व रंताला यांनी निरोगी प्रौढ पक्ष्यांच्या आंत्रातील द्रव्य नवजात पिलांना पाजले व नंतर त्यांना साल्मोनेलाचा संसर्ग घडविला. पाजलेल्या पिलांपैकी बहुतेकांत तो जंतू रुजला नाही. १९७३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीस पुढे 'स्पर्धात्मक निष्कासन' हे नाव मिळाले.

हे निष्कासन अनेक मार्गांनी घडते. उपकारक जंतू आंत्राच्या अस्तरावरील चिकटण्याच्या जागा आधीच व्यापतात. उपलब्ध पोषकद्रव्ये वापरून टाकतात. तसेच अंधनालांत ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही बाष्पनशील अम्ले निर्माण करून तेथील वातावरण साल्मोनेलास प्रतिकूल करतात. हे कार्य एकट्यादुकट्या जातीचे नव्हे. केवळ लॅक्टोबॅसिलस पाजल्याने मिळणारे संरक्षण संपूर्ण अंधनाल-जंतुसमूहाने मिळणाऱ्या संरक्षणाच्या मानाने सामान्यतः कमी पडते. कारण या समूहातील बहुसंख्य जंतू प्राणवायूविरहित अवस्थेतच वाढणारे असतात.

मग पिलांना थेट प्रौढ कोंबडीची विष्ठाच का देऊ नये? कारण कोंबडी जे तिच्यापाशी असेल ते सर्वच देते. उपकारक जंतूंबरोबर साल्मोनेला व रक्ती हगवणीचे परजीवीही. म्हणून रोगमुक्त पक्ष्यांपासून घेतलेले व तपासलेले संवर्धनच वापरावे लागते. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेल्या अशा एका संवर्धनात २९ प्रकारचे ज्ञात जंतू होते. थोडक्यात, आईचा वारसा तिच्या रोगांवाचून पोहोचविणे हे या पद्धतीचे सार आहे.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. हा प्रतिबंध आहे, उपचार नव्हे. रोगजंतू रुजण्यापूर्वी, शक्यतो पहिल्याच दिवशी, संवर्धन द्यावे लागते. पाठोपाठ पाण्यातून प्रतिजैविक दिल्यास पेरलेले जंतूच मरतात. विषाणुजन्य रोगांवर तर हा उपाय नव्हेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लूमुळे कोंबड्या दगावल्या, तेव्हा परिसरातील सुमारे २५,००० पक्षी नष्ट करण्याचा निर्णय घ्यावा लागला. मानमोडीसाठी लस व बर्ड फ्लूसाठी कडक जैवसुरक्षा यांना पर्याय नाही.

तरीही या विषयाचे महत्त्व वाढत आहे. मानवी उपचारातील अखेरच्या औषधांपैकी एक असलेल्या कोलिस्टिनचा खाद्यप्राण्यांसाठी वापर भारत सरकारने २०१९ मध्ये निषिद्ध केला. प्रतिजैविकांचा आधार जसजसा कमी होईल, तसतसे पिलाच्या पहिल्या दिवसाकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. पाड्यावरील खुडूक कोंबडी नकळत जे करते, ते शेडमध्ये जाणीवपूर्वक व निर्धोकपणे करता येणे, हेच या संशोधनाचे प्रयोजन होय.